दोस्त शेजाऱ्याविरुद्धची युद्धयोजना: कपाटातला कागद आणि सीमेवरचं कोठार

प्रश्न असा आहे: ज्या शेजारी देशाशी आपलं काही वैर नाही, ज्याच्या सैन्याबरोबर आपण संयुक्त सराव करतो, ज्याचे अधिकारी आपल्या स्टाफ कॉलेजात शिकायला येतात, त्याच्याशी लढायची योजनाही सैन्याकडे तयार असते का? असेल, तर ही सरळसरळ दगाबाजी नव्हे का?

पहिल्या अर्ध्याचं उत्तर सोपं आहे. बऱ्याच देशांत असते, किंवा कधीतरी होती. दुसऱ्या अर्ध्यासाठी मात्र जरा बैठक मारावी लागेल. माझी नोकरीतली बरीच वर्षं नियोजनाच्या टेबलावर गेली. तेव्हा या खटल्यात मी तटस्थ साक्षीदार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सगळ्यात सोयीचं उदाहरण अमेरिका आणि कॅनडाचं. दोन्हीकडचे कागद आता उघडे आहेत आणि त्यावर बोलल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

१९२१ साली कॅनडाच्या सैन्यात लेफ्टनंट कर्नल जेम्स सदरलँड ब्राऊन नावाचे अधिकारी लष्करी कारवाया आणि गुप्तवार्ता विभागाचे संचालक होते. ‘बस्टर’ ब्राऊन म्हणून ओळखले जायचे. त्यांनी ‘डिफेन्स स्कीम नंबर वन’ नावाची योजना लिहिली, अमेरिकेशी युद्ध झालं तर काय करायचं याची. आणि ही योजना बचावाची नव्हती, चढाईची होती. युद्धाची चाहूल लागताच वेगवान तुकड्या सीमा ओलांडतील: पश्चिमेकडे सिॲटल, स्पोकेन आणि पोर्टलँडच्या दिशेने, मधल्या मैदानी भागात फार्गो घेऊन पुढे मिनियापोलिस-सेंट पॉलकडे, पूर्वेला अल्बनीकडे आणि मेन राज्यात. मग अमेरिकन फौज जमा व्हायला लागली की पूल उडवत, रेल्वेमार्ग उखडत मागे यायचं.

ऐकताना हसू येतं. तेव्हा कॅनडाची लोकसंख्या अमेरिकेच्या साधारण बाराव्या हिश्श्याइतकी होती आणि कायमची फौज जेमतेम काही हजारांची. पण ब्राऊन यांचा हिशेब वेडगळ नव्हता. घरात बसून राहिलो तर महिन्याभरात संपतो. पुढे जाऊन शत्रूची जुळवाजुळव विस्कटली तर ब्रिटनची कुमक येईपर्यंत थोडे दिवस मिळतात. जमीन देऊन वेळ विकत घ्यायचा, फक्त जमीन दुसऱ्याची. मला स्वतःला त्यात एक प्रकारची हिंमत दिसते.

ते नुसते नकाशावर बसून राहिले नाहीत. काही सहकाऱ्यांना घेऊन, साध्या कपड्यांत, मोटारीने सीमेपलीकडच्या भागात हिंडले. रस्ते कसे आहेत, पूल कसे आहेत, टेकड्या कुठे आहेत हे टिपलं, फोटो काढले. व्हरमाँटमधली माणसं लठ्ठ आणि आळशी, पण मनमिळाऊ आहेत, असाही एक शेरा त्यांच्या नोंदींत आहे. रेकीच्या वहीत असे शेरे नेहमीच असतात. दिवसभर पूल मोजून कंटाळलेला माणूस संध्याकाळी गावकऱ्यांबद्दल लिहायला लागतो. माझ्याही जुन्या वह्यांत असलं बरंच काही आहे, जे कुणाला दाखवायची माझी तयारी नाही.

ब्राऊन यांची चूक दुसरीकडेच होती. सगळी योजना एका गृहीतकावर टांगलेली होती: ब्रिटन येईल. लंडनमधल्या नियोजकांचा हिशेब मात्र असा होता की अमेरिकेविरुद्ध कॅनडाचं जमिनीवर रक्षण करणं जवळपास अशक्य आहे. कुमक यायचीच नव्हती. आमच्या कामात याहून मोठा खड्डा नाही. बाणांची दिशा, तुकड्यांची संख्या, तारखा, सगळं चोख असतं. चुकतं ते पहिल्या पानावरचं वाक्य, जे सगळ्यांनी ‘हे तर उघडच आहे’ म्हणून न वाचता पुढे ढकललेलं असतं. म्हणून शहाण्या मुख्यालयात प्रत्येक गृहीतकापुढे एक नाव लिहितात, ते खरं आहे की नाही हे तपासायची जबाबदारी कुणाची, त्या माणसाचं.

१९२० चं दशक संपेपर्यंत ही योजना रद्द झाली. तिचे बरेचसे कागद नष्ट करण्यात आले.

आणि गंमत पाहा. कॅनडाची योजना कपाटातून गेली न गेली, तोच अमेरिकेची कपाटात आली. वॉशिंग्टनला सैन्य आणि नौदल यांचं एक संयुक्त मंडळ होतं. ते प्रत्येक संभाव्य शत्रूला एकेक रंग द्यायचं. जपान नारिंगी, जर्मनी काळा, मेक्सिको हिरवा, स्वतः अमेरिका निळी. देशांतर्गत बंडाळीलासुद्धा पांढरा रंग होता. ब्रिटन लाल. ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांना लालच्याच छटा: कॅनडा क्रिमझन, ऑस्ट्रेलिया स्कार्लेट, न्यूझीलंड गार्नेट. आपण रुबी. हो, त्या फायलीत भारत ‘रुबी’ या नावाने बसला आहे, ब्रिटनच्या बाजूचा एक मोहरा म्हणून.

‘वॉर प्लॅन रेड’ मे १९३० मध्ये मंजूर झाला. ब्रिटिश बेटांवर जायचा त्यात विचार नव्हता. विचार होता तो कॅनडाला ब्रिटनपासून तोडायचा. पहिला घाव हॅलिफॅक्स बंदरावर, कारण कुमक उतरायची तर तिथेच. मग नायगाऱ्याची वीजकेंद्रं, सडबरीच्या निकेलच्या खाणी, विनिपेगचं रेल्वे जंक्शन, पश्चिमेला व्हँकुव्हर. ही यादी नीट बघा. देशाची राजधानी त्यात नाही. बंदर, वीज, धातू, रेल्वे. नियोजक देशाकडे असाच बघतो, वायरमन घराकडे बघतो तसा. भिंतीचा रंग त्याला दिसत नाही, मेन स्विच कुठे आहे तेवढं दिसतं.

ही योजना १९७४ साली गोपनीयतेतून मुक्त झाली, आणि तेव्हापासून दर काही वर्षांनी कुणीतरी ती नव्याने ‘शोधून’ काढतं.

आता, त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये कुणाला खरंच कॅनडावर चालून जायचं होतं का? नव्हतं. १९२७ ची जिनिव्हातली नौदल परिषद अमेरिका आणि ब्रिटनच्या वादात फिसकटली होती, व्यापारी चुरस होती, पण युद्धाची हवा नव्हती. मग लिहिली कशाला? कारणं तीन-चार आहेत, आणि सगळी सारख्या वजनाची नाहीत.

मुख्य कारण हे की हेतू एका रात्रीत बदलतो, क्षमता उभी करायला दहा-पंधरा वर्षं लागतात. निवडणुकीत सरकार पालटतं, मित्रदेशात बंड होतं, कुणी तिसराच त्याला गिळतो. ३ जुलै १९४० ला ब्रिटिश नौदलाने अल्जीरियातल्या मेर्स-एल-केबीर इथे फ्रेंच आरमारावर तोफा डागल्या आणि सुमारे १,३०० फ्रेंच नौसैनिक मेले. दोन आठवड्यांपूर्वी हे दोन देश एकाच युद्धात एकाच बाजूने लढत होते. फ्रान्सने शरणागती पत्करली, ती जहाजं जर्मनांच्या हाती पडतील ही भीती उभी राहिली, आणि मैत्रीचा हिशेब तिथेच संपला. त्याआधी १० मे ला ब्रिटनने आइसलँडवर सैन्य उतरवलं होतं. आइसलँडशी काही भांडण? मुळीच नाही. तिथे जर्मन आधी पोचू नयेत, एवढंच. आयर्लंडच्या बाबतीत तर आणखी मजेशीर प्रकार झाला. जर्मन उतरले तर काय करायचं याची योजना आयरिश आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मिळून बसून केली, आणि ब्रिटिशच चालून आले तर काय, याचाही विचार आयरिश सैन्याने सोडला नव्हता. मला यात विसंगती वाटत नाही.

हा विचार आपल्याकडे परका नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकर, म्हणजे युरोपीय, व्यापाऱ्यांबद्दल बजावलंय की हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या मागे यांचे राजे आहेत. व्यापार करू द्यावा, पण वखारीला खाडीच्या तोंडाशी, समुद्रकाठी जागा देऊ नये. युद्धाची एक ओळही न लिहिता केलेली ही कॉन्टिन्जन्सीची, म्हणजे उद्या काही वाकडं झालंच तर त्याची, तरतूद आहे.

दुसरं कारण शिकवणीचं. तरुण अधिकाऱ्याला ‘अप्रिसिएशन’ लिहायला शिकवावं लागतं. सैन्यात या शब्दाचा कौतुकाशी काही संबंध नाही, परिस्थितीचं मोजमाप असा त्याचा अर्थ. ते कोऱ्या कागदावर येत नाही. खरी जमीन लागते, खऱ्या नद्या लागतात. अमेरिकेच्या त्या रंगीत योजनांमधला नारिंगी रंग पुढे पॅसिफिकमधल्या युद्धाचा सांगाडा ठरला. लाल आणि नारिंगी एकदम अंगावर आले तर, या कल्पनेवर डोकं चालवल्यामुळे दोन महासागरांत एकाच वेळी लढायचं गणित आधीच कुणीतरी सोडवून ठेवलेलं होतं. कॅनडावरची चढाई कधी झाली नाही, पण त्या निमित्ताने डोकी घासली गेली.

इथे जरा टेबलाजवळ या. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, नियोजन म्हणजे नकाशावर लाल-निळे बाण. बाण काढायला दहा मिनिटं लागतात. उरलेला महिना पुलांमध्ये जातो. लष्करी वापरातल्या पुलाला भाराचा एक वर्ग असतो, पिवळ्या गोल पाटीवर काळ्या आकड्यात लिहिलेला. रणगाडा ट्रेलरवर चढवला की दोघांचं मिळून वजन पुलाच्या पाटीवर मावतं का, ते बघायचं. मावत नसेल तर वळसा. मग ताफा. समजा एका ब्रिगेडच्या आठशे गाड्या एकाच रस्त्याने निघाल्या, दोन गाड्यांच्या नाकात पन्नास मीटरचं अंतर धरलं, तर ताफ्याची शेपटी डोक्यापासून चाळीस किलोमीटर मागे असते. ताशी पंचवीसच्या वेगाने तो एका चौकातून पार व्हायला दीड तासाहून जास्त लागतो, आणि हे एकही गाडी बंद पडली नाही तर. एका सरावात मी एक पूल सत्तर वर्गाचा धरला, तो पन्नासचा निघाला. सँड मॉडेलवर, म्हणजे वाळूत उभारलेल्या जमिनीच्या नमुन्यावर, माझी आख्खी ब्रिगेड दीड दिवस उशिरा पोचली आणि पंचांनी ती ‘उद्ध्वस्त’ म्हणून उचलून डब्यात टाकली. सगळ्यांसमोर. त्यानंतर पाटी वाचल्याशिवाय मी पुलावर पाय ठेवलेला नाही, सुट्टीवर असतानाही.

ही माहिती लढायला लागते तशी मदतीलाही लागते, आणि आजच्या काळात दोस्त शेजाऱ्याबाबतच्या बहुतेक योजना याच जातीच्या असतात. तिथे अडकलेले आपले नागरिक बाहेर काढणं. तिथलं सरकार कोसळलं तर सीमेवर येणारे लोंढे. भूकंप. मित्र सरकारने हाक मारली तर फौज पाठवणं. हे शेवटचं भारतासाठी ३ नोव्हेंबर १९८८ ला खरं झालं. मालदीवमध्ये भाडोत्री सशस्त्र टोळीने उठाव केला, राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली आणि त्याच रात्री आग्र्याहून छत्रीधारी सैनिकांना घेऊन इल्युशिन-७६ विमानं उडाली. कामगिरी झकास पार पडली. पण तयारीच्या त्या काही तासांत मालेचा धड लष्करी नकाशा हाती नव्हता. पर्यटकांसाठीच्या नकाशांवर काम भागवावं लागलं, आणि जिथे उतरायचं त्या मालेजवळच्या हुलुलेऐवजी दूर दक्षिणेच्या गान बेटावरच्या धावपट्टीचं चित्र समोर आलं होतं. माले कुठे, धावपट्टी कुठे, हे माहीत असलेले भारताचे उच्चायुक्त योगायोगाने तेव्हा भारतातच होते, म्हणून ती गफलत वेळेत लक्षात आली. मित्राच्या घराचा नकाशा आपल्याकडे नसणं म्हणजे सभ्यपणा, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या रात्रीच्या वैमानिकांना विचारावं.

इतकं सगळं बाजूने बोललो. आता विरुद्ध बाजू, कारण ती खरी आहे.

जर्मनीच्या सेनामुख्यालयाने पहिल्या महायुद्धाआधी फ्रान्सशी लढायची जी योजना केली, तिचा रस्ता बेल्जियममधून जात होता. बेल्जियमशी जर्मनीचं भांडण नव्हतं. उलट १८३९ च्या करारानुसार बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणाऱ्यांत प्रशियाही होता. तरी रेल्वेची वेळापत्रकं त्या एकाच रस्त्याभोवती बांधली गेली. १ ऑगस्ट १९१४ ला कैसरला, म्हणजे जर्मन सम्राटाला, क्षणभर वाटलं की फ्रान्स बाहेर राहील, सगळी फौज पूर्वेकडे रशियावर वळवूया. सेनाप्रमुख मोल्टकेंनी सांगितलं, अशक्य आहे, लाखोंचं सैन्य असं ऐन वेळी फिरवता येत नाही. युद्धानंतर रेल्वे विभागातले जनरल श्टाब यांनी पुस्तक लिहून दाखवून दिलं की फिरवता आलं असतं. पण दुसरा कागद तयार नव्हता. एकच योजना असली की ती योजना राहत नाही, ती सरकारला आदेश द्यायला लागते. म्हणून माझा आक्षेप असलाच तर मित्राविरुद्ध योजना असण्यावर नाही. ती एकुलती एक असण्यावर आहे, आणि तिची वार्ताही नसलेल्या मंत्रिमंडळावर आहे.

दुसरा धोका फुटण्याचा. १९३५ साली अमेरिकन संसदेच्या लष्करी समितीपुढे हवाई तळांबाबत बंद दाराआड साक्षी झाल्या. त्यांत कॅनडाच्या सीमेजवळ, वरकरणी नागरी वाटेल असा तळ उभारायची भाषा होती. सरकारी छापखान्याने त्या साक्षी चुकून छापल्या आणि त्या वर्तमानपत्रात गेल्या. अध्यक्ष रूझवेल्ट यांना जाहीरपणे हात झटकावे लागले. लक्षात घ्या, कुणी हेर नव्हता, कुणी फितूर नव्हता. चुकीच्या ट्रेमध्ये ठेवलेला कागद होता. आमच्याकडेही बहुतेक अब्रू अशीच जाते.

यावरचा जुना उपाय म्हणजे खोटी नावं. नद्या खऱ्या, डोंगर खरे, देशाचं नाव बनावट. तेही नेहमी साधतं असं नाही. २०१३ मध्ये स्विस सैन्याच्या एका सरावात ‘साओनिया’ नावाचा, कर्जबाजारी होऊन फ्रान्समधून फुटलेला प्रदेश चाल करून येतो अशी कथा होती, आणि ती छापून आल्यावर नाव बनावट असूनही रोख कुणीकडे आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं. रशिया-बेलारूसच्या २०१७ च्या ‘झापाद’ सरावात ‘वेइश्नोरिया’ नावाचा काल्पनिक शत्रू होता. त्याची सीमा बेलारूसच्या पोटातच आखलेली होती, आणि तिथल्या तरुणांनी थट्टेत त्या देशाचा झेंडा बनवला. अमेरिकेच्या स्ट्रॅटेजिक कमांडमधल्या प्रशिक्षणार्थींनी तर २०११ मध्ये झॉम्बींविरुद्ध योजना लिहिली. खऱ्या देशाचं नाव घातलं तर लोक ती खरी योजना समजतील, म्हणून मुद्दाम अशक्य शत्रू घेतला, असं त्या कागदातच नमूद आहे. मला ही युक्ती आवडते. झॉम्बींचा राजदूत निषेधखलिता घेऊन येत नाही.

आता तुमच्या कामाची गोष्ट. उद्या बातमी आली की अमुक देशाकडे दोस्त शेजाऱ्यावर चढाईची योजना सापडली, तर घाबरायचं कधी? योजना लिहायला चार माणसं, एक कपाट आणि चहा लागतो. ती अमलात आणायला जे लागतं ते लपत नाही. दारूगोळा मागच्या डेपोंतून पुढे सरकलाय का? रेल्वेचे सपाट डबे, ज्यांच्यावर रणगाडे चढतात, नेहमीच्या मालवाहतुकीतून काढून घेतलेत का? पूल बांधणाऱ्या इंजिनिअर तुकड्या नदीच्या आसपास दिसू लागल्यात का? सुट्ट्या रद्द झाल्यात का? सराव संपल्यावर तुकड्या परत गेल्या, की माणसं गेली आणि गाड्या तिथेच राहिल्या? ही शेवटची खूण मी सगळ्यात जास्त मानतो. इंधन, तंबू, गाड्या जागच्या जागी राहिल्या तर माणसं दोन दिवसांत परत येऊ शकतात.

आणि रक्त. सरावात जखमी खोटे असतात, त्यांच्या गळ्यात जखमेची चिठ्ठी अडकवली की काम भागतं. खरं रक्त शीतपेटीत ठेवावं लागतं आणि लाल पेशी टिकतात जास्तीत जास्त बेचाळीस दिवस. जानेवारी २०२२ च्या अखेरीस बातम्या आल्या की युक्रेनच्या सीमेजवळच्या रशियन तुकड्यांकडे रक्ताचा साठा नेला जातोय. ती बातमी मी दोनदा वाचली आणि कॅलेंडर उघडून दिवस मोजायला बसलो. चढाईचा दिवस, २४ फेब्रुवारी, त्या बेचाळिसांच्या आतच पडला.